काचेवरची लाथ

गंजीतली वैरण उन्हाळा लागायच्या आधीच निम्म्यावर आली, आणि कोणती गाय आधी विकायची यावरून घरात बोलणं सुरू झालं. मी नेहमीचंच म्हणालो, "जी लाथ मारील ती पहिली." दूध कमी देणारी गाय कशीबशी सांभाळता येते. लाथाळ गाय मात्र एका सकाळी बादली आणि माणूस दोन्ही आडवं करते.

"मग तुझंच दावं सोडायला पाहिजे," आक्का म्हणाली. "लहानपणी तुझ्याएवढ्या लाथा कुणी मारल्या नाहीत मला."

सून हसली. मीही हसलो असेन.

आक्का माझी थोरली बहीण. माझी बायको मागच्या पावसाळ्यात गेली, तेव्हा ती थोड्या दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे गोठा भरलेला आणि हात कमी. मुलगा दुधाची गाडी घेऊन पहाटेच निघून जातो. सुनेच्या कडेवर तान्हं पोर. आक्कानं आल्याच्या दुसऱ्या दिवशी बादली उचलली ती खाली ठेवलीच नाही.

सगळ्या गाई तिला सरावल्या, एक सोडून. तिचं नाव तुसडी. हे नाव माझ्या बायकोनंच ठेवलेलं. जन्मतःच आई मेली म्हणून बायकोनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, आणि तरी ती कुणी जवळ गेलं की तोंड फिरवायची. बायकोपाशी मात्र धार काढताना डोळे मिटून उभी राहायची. बायको गेल्यावर तुसडीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. मी बसलो की कास आखडून घ्यायची. शेवटी आक्कानं बायकोचं जुनं स्वेटर अंगात चढवलं आणि तिच्याखाली बसली. तुसडीनं मान वळवून स्वेटर हुंगलं, नाकातून मोठा श्वास सोडला आणि दूध सोडलं. तेव्हापासून ऐन उकाड्यातही आक्का तुसडीची धार काढताना ते स्वेटर घालायची. घामानं भिजून बाहेर यायची आणि म्हणायची, "तुझ्या बायकोनं मला मेल्यावरही कामाला लावलंय."

थंडीच्या दिवसांत एकदा पत्र्याच्या बादलीला मोठा पोचा पडलेला मला दिसला. आक्का म्हणाली, हातातून निसटली. ती काही दिवस जरा वाकून चालत होती. त्याचं कारण तिनं वेडंवाकडं झोपल्यामुळं असं सांगितलं. त्या वयात पाठ दुखतेच. मी ते सोडून दिलं.

आता बायकोबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्या अंगठ्यापाशी येतं.

तिच्या अंगठ्याला आसपास मान होता. कुणाच्या गाईची कास सुजली की तिला बोलावणं यायचं. ती कासेखाली बसायची, डोळे मिटायची आणि अंगठा चारी सडांच्या वरून फिरवायची. कास लाल, गरम, हात लावू देत नाही, धारेत दुधाऐवजी गुठळ्या येतात, असं असलं की ती म्हणायची, "दगडी आहे. आजच्या आज डॉक्टर बोलवा, नाहीतर सड जाईल." आणि आत एखादी थंड, घट्ट गाठ लागली, गाय निवांत रवंथ करते आहे, दाबलं तरी पाय हलवत नाही, तर म्हणायची, "जुनं आहे. मागं कधी सूज येऊन गेली, त्याचा वण आहे. राहू द्या." तिचं कधी चुकलं नाही. गुरांचा डॉक्टरसुद्धा आधी तिला विचारायचा.

स्वतःच्या छातीत तिला गाठ लागली तेव्हा तिनं तोच अंगठा फिरवला. गाठ थंड होती. घट्ट होती. दुखत नव्हती. तिनं स्वतःला तेच सांगितलं जे गाईच्या मालकांना सांगायची. मला कळलं तेव्हा तिच्या काखेतही आलं होतं, आणि पाठीच्या मणक्यात दुखू लागलं होतं. मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं त्यांनी जे करता येईल ते केलं. ती गेली.

त्यानंतर मी माझ्यापुरता नियम उलटा करून घेतला. दुखतं ते बरं. दुखत नाही ते मरण.

गाई विकायचं बोलणं झालं त्याच दिवशी दुपारी मी दावणीतलं शेण ओढत होतो. सून दारात येऊन उभी राहिली. पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"काय गं?"

"बाबा, आत्याबाईंना विचारा ना एकदा."

"काय विचारू?"

ती पोराची पाठ थोपटत जमिनीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मघाशी गाई धुताना त्या पार भिजल्या. ब्लाऊज बदलत होत्या, मी आत गेले. त्यांच्या इथं," आणि तिनं पोराच्या पाठीआडून स्वतःच्या डाव्या बाजूला बोट नेलं, "कातडी आत गेलीय. बोटानं दाबून धरल्यासारखी. आईंची तशीच होती. आईंना आंघोळ मीच घालायचे, मला माहीत आहे."

माझ्या हातातलं फावडं शेणात तसंच राहिलं. गाई खात होत्या. वासरू कुणाचा तरी कान चाटत होतं. मला वाटलं, हे सगळं मी आधी एकदा पाहिलेलं आहे.

आक्का चुलीपाशी बसून बादल्या घासत होती. मी समोर जाऊन बसलो. भावानं बहिणीला हे विचारायचं कसं ते मला येत नव्हतं. मी पोचा पडलेली बादली हातात घेऊन उगाच फिरवत बसलो.

"बादली विकत घ्यायचीय का?" ती म्हणाली.

"आक्का, तुला गाठ आहे का?"

तिचा हात थांबला. मग तिनं राख घेतली आणि पुन्हा घासू लागली. "सुनेला पोटात काही ठेवता येत नाही."

"आहे का?"

"आहे. असली तर काय. सुपारीएवढी आहे."

"दुखते?"

"नाही रे. मुळीच नाही."

हे तिनं मला धीर द्यायला सांगितलं. मला मात्र वाटलं, तिनं माझ्यासमोर आपलं मरण ठेवलं.

"उद्या रुग्णालयात जायचं," मी म्हणालो.

"उद्या वैरण आणायची आहे."

"वैरण मुलगा आणील."

"धाकट्या," ती म्हणाली. मुलगा-सून आसपास नसले की ती मला अशी हाक मारते. "एवढ्या म्हातारीला कुणापुढं अंग उघडायला लावतोस? मला कोण बघणार आहे आता. राहिली गाठ तर राहिली."

"मला बघायचंय तुला," मी म्हणालो. एवढंच मला सुचलं. मग राखेचे हात तिनं धुतले.

रुग्णालयात त्या विभागापुढं लांब बाक होते आणि त्यावर बायाच बाया. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. दारावरची बाई प्रत्येक वेळी बाहेर येऊन म्हणायची, "पुरुषांनी पलीकडं थांबा." मी पलीकडं जायचो, आणि आक्काचा नंबर चुकेल म्हणून परत यायचो. शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"भाऊ."

"मग नीट उभे राहा. चोरासारखे काय उभे आहात?"

बाकावरच्या बाया हसल्या. आक्का सगळ्यांत मोठ्यानं हसली. तिच्या शेजारी एक पोरगी बसली होती, जेमतेम लग्नाच्या वयाची, ओढणीत तोंड लपवून रडत होती. आक्का तिला काहीतरी सांगत होती. पोरगी तपासून घेऊन बाहेर आली तेव्हा हसत होती. आतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, गोट्यासारखी सरकती गाठ आहे, तिच्या वयात पुष्कळ जणींना असते. सोनोग्राफी करून खात्री करू, पण घाबरू नको. आक्का म्हणाली, "बघ, मी सांगितलं नव्हतं?" आक्काला काहीएक माहीत नव्हतं.

डॉक्टरबाई ठेंगण्या होत्या, हात पुसत बोलायच्या. त्यांनी आक्काला तपासलं आणि मग मला आत बोलावलं. "गाठ घट्ट आहे. सरकत नाही. कातडी आत ओढलेली आहे. मी तुमच्यापासून लपवत नाही, हे मला आवडलेलं नाही."

"म्हणजे तेच."

"मी ते म्हटलं नाही." त्यांनी आक्काकडं वळून विचारलं, "आजी, इथं कधी मार बसला होता का? पडलात, धडकलात, काही?"

आक्कानं आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

"आठवून सांगा."

"नाही बाई. मला कोण मारणार? हा माझा धाकटा भाऊ, मलाच घाबरतो."

मग त्यांनी तिला एका यंत्रापुढं उभं केलं. आतून आक्काचा आवाज बाहेर येत होता. "अगं, पिळतेस की काय? दूध नाही त्यात." दुसऱ्या खोलीत थंड लोणी लावून यंत्र फिरवलं, असं तिनं नंतर सांगितलं. लोणी नव्हतं ते, पण तिला तसंच वाटलं. फोटो बघून डॉक्टरबाईंनी आम्हाला पुन्हा आत घेतलं. काळ्या पडद्यावर एक पांढरा डाग होता आणि त्याच्या कडेनं काटे फुटल्यासारखे दिसत होते. साध्या गाठीची कड अंड्यासारखी गुळगुळीत असते, त्या म्हणाल्या. ही तशी नाही.

"मग काढून टाका," मी म्हणालो. "सगळंच काढा. माझ्या बायकोच्या वेळी उशीर झाला."

"काका, ऐका." त्या खुर्ची माझ्या बाजूला ओढून बसल्या. "हात सांगतो ते अर्धं असतं. फोटो सांगतो ते अजून थोडं. बहुतेक गाठी साध्याच निघतात. काही साध्या गाठी वाईटाचं सोंग घेतात, आणि काही वाईट गाठी साधीचं. आतला तुकडा पाहिल्याशिवाय मी सुरी लावणार नाही, आणि तुम्हाला घरीही बसू देणार नाही."

त्यांनी तिथली जागा बधिर करून जाड सुई घातली. खटका दाबल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला, पुन्हा आला. एका बाटलीत पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे टाकल्यासारखं काहीतरी तरंगत होतं. एवढ्याशा दोऱ्यात माझी बहीण राहणार की जाणार ते लिहिलेलं आहे, हे मला खरं वाटेना. परत येताना गाडीत मी आक्काच्या तोंडाकडं बघत होतो. ती खिडकीबाहेर कुणाच्या तरी हिरव्या रानाकडं बघत म्हणाली, "यांच्याकडं वैरण भरपूर दिसते. विचारून बघ."

निकाल यायला वेळ होता आणि काम कुणासाठी थांबत नव्हतं. आक्काला डावा हात उचलू नको असं सांगितलं होतं. तिनं एका हातानं शेण ओढलं. तुसडीची धार मात्र ती कुणाला काढू देईना. मी खालची बादली घ्यायला गेलो की म्हणायची, "तू जा, ती बिथरेल." स्वेटर घालून बसायची आणि उजव्या हातानं हळूहळू पिळायची. दलाल दोनदा येऊन गेला. गोठ्यात उभा राहून त्यानं एकेक गाय नजरेनं चाचपली आणि तुसडीपाशी थांबला. "ही देऊन टाका," तो म्हणाला. "डोळा चांगला नाही हिचा." आक्का त्याच्या आणि गाईच्या मधे जाऊन उभी राहिली. "तुझा तरी कुठं चांगला आहे," ती म्हणाली.

त्याच दिवसांत एका गाईला दगडी झाली. कास लाल, पुढचा डावा सड फुगलेला, हात लावला की थरथरायची. गुरांचा डॉक्टर आला. त्यानं बाही वर केली, सडातून पिवळी गुठळीदार धार जमिनीवर काढून टाकली, नळीनं आत औषध सोडलं. मी गाईचं तोंड धरून उभा होतो. घाम डोळ्यात जात होता.

"वहिनी असत्या तर मला बोलवायच्या आधीच सांगितलं असतं," तो म्हणाला. "काय अंगठा होता."

मला राहवलं नाही. "डॉक्टर, गाईला ते होतं का? बायकांना होतं ते. छातीतलं."

"कॅन्सर? कासेत?" तो हात धुता धुता थांबला. "नाही हो. कुत्रीला होतो, मांजरीला होतो. गाईच्या कासेत मी आयुष्यात पाहिलेला नाही. पुस्तकात एखाददुसरा सापडेल. आयुष्यभर एवढं दूध वाहतं त्या कासेतून आणि तरी तिथं तो येत नाही. का, ते कुणालाच नीट माहीत नाही."

तो निघून गेला तरी मी गाईचं तोंड धरूनच उभा होतो. माझ्या बायकोच्या अंगठ्याखालून किती कासा गेल्या असतील. तिनं जे पाहिलं ते सगळं खरं होतं. पण जी गोष्ट एकाही गाईला झाली नाही ती तिच्या अंगठ्याला कशी माहीत असणार? सगळ्या गोठ्यांत मिळून तिला शिकवायला एकही गाय नव्हती. गाय मान हलवून माझा हात सोडवून घेत होती आणि मला ते कळत नव्हतं. त्या कासेकडं मी कधी असं पाहिलं नव्हतं. चार सड, वर ताणलेल्या शिरा, आत रोज रक्ताचं दूध करणारं काहीतरी, आणि त्यात तो आजार शिरत नाही. मी तिच्या पुढ्यात वैरण टाकली. माझ्यात तेवढीच अक्कल होती.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाई दारातच म्हणाल्या, "कॅन्सर नाही."

आक्का बाकावर बसली. मी उभाच राहिलो.

"पुन्हा बघा," मी म्हणालो.

"काका, नाही म्हणून सांगते आहे मी."

"बाहेरून अगदी तशीच आहे. माझ्या बायकोची तशीच होती. न दुखणारी, घट्ट, कातडी आत. तुमच्या फोटोतही काटे होते. तुम्हीच म्हणालात, आवडलं नाही. मग आता आवडलं कसं?" माझा आवाज चढला. बाकावरच्या बाया बघायला लागल्या. "बाटली बदलली असेल. कुणा दुसरीची असेल. काढून टाका म्हणतो ना मी."

"धाकट्या, बस खाली," आक्का म्हणाली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. आजी, तुम्हीही चला. तुमचंच आहे, तुम्हाला बघायचा हक्क आहे."

तपासणीची खोली मागच्या बाजूला होती. तिथं पांढऱ्या केसांचे एक डॉक्टर दुर्बिणीवर वाकून बसले होते. त्यांच्या बोटांना गुलाबी-जांभळा रंग लागला होता, रंगाऱ्याच्या बोटांसारखा. डॉक्टरबाईंनी त्यांना हळू आवाजात काही सांगितलं. त्यांनी काचांच्या पेटीतून एक काच काढली, तिच्यावरचा आक्काचा नंबर तिच्या हातातल्या कागदाशी आमच्यासमोर जुळवून दाखवला, आणि यंत्राखाली ठेवली. त्या यंत्राला दोघांना बघायला दोन नळ्या होत्या. "डोळा लावा. पापणी मिटू नका."

आधी नुसता उजेड दिसला. मग ते काहीतरी फिरवत गेले आणि एकदम समोर सगळं उभं राहिलं.

मी काय पाहिलं ते सांगायला माझ्याजवळ शब्द थोडे आहेत. गुलाबी रंगाचं मोठं रान होतं. त्यात गोल गोल रिकामी घरं, एकाला एक लागून, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. "ही चरबी," डॉक्टर दुसऱ्या नळीतून बघत म्हणाले. "प्रत्येक घराच्या कडेला एक जांभळा ठिपका असायला हवा. तो ठिपका म्हणजे घरातला जीव. इथं शोधा."

मी शोधला. घरं होती, ठिपके नव्हते. पोळं सोडून सगळे निघून गेले होते.

"मेलेली चरबी आहे ती. आता उजवीकडं चला. या फुगलेल्या पेशी दिसतात का? फेसाळ?"

दिसल्या. मोठ्या, दुधावर येणाऱ्या फेसासारख्या, पोट भरलेल्या.

"या झाडूवाल्या. मेलेलं खाऊन जागा साफ करतात. आणि हे दोरे दिसतात? जागा साफ झाली की शरीर तिथं दोरे भरतं. ते दोरे आवळले की गाठ घट्ट होते आणि कातडी आत ओढली जाते. फोटोत जे काटे दिसले ते हेच." ते थांबले. मग सहज म्हणाले, "इथं कधीतरी जोराचा मार बसलाय."

"नाही बसलेला," मी नळीवरून डोळा न काढता म्हणालो. "तिनं सांगितलंय."

मी डोळा काढून मागं पाहिलं. आक्का स्वतःच्या चपलांकडं बघत होती.

"आक्का?"

"तुसडीनं मारली," ती म्हणाली. "थंडीत. स्वेटर धुऊन वाळत घातलं होतं त्या दिवशी. म्हटलं एक दिवस तसंच बसावं. तिला मी ओळखू आले नाही."

"बादलीचा पोचा."

"आधी बादलीला बसली, मग मला. बादली नसती तर तुला नवी बहीण बघावी लागली असती."

"मग सांगितलं का नाहीस? दोन-दोन वेळा विचारलं यांनी."

"तुझ्यासमोर विचारलं." आक्कानं आता मान वर केली. "तू म्हणाला होतास, लाथ मारील ती पहिली जाईल. तुझ्या बायकोच्या हातची शेवटची गाय आहे ती, धाकट्या. ती विकून तू जेवला असतास का?"

गाय वाचवायला ती मरणासमोर खोटं बोलली होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तोंडावर हात धरला होता. मग त्या म्हणाल्या, "आजी, खरं सांगितलं असतं तरी मी सुई घातलीच असती. मार बसला म्हणून गाठ साधी, असं धरून बसणाऱ्याही येतात माझ्याकडं, आणि आत दुसरंच असतं. पुढच्या वेळी मात्र गाईला नाही, स्वतःला सांभाळा."

मी पुन्हा नळीला डोळा लावला. तीच मेलेली घरं, तेच दोरे. थंडीतली एक सकाळ, एक खूर, वाळत घातलेलं स्वेटर. कुणी पाहिलं नव्हतं, जिला बसली तिनं लपवलं, आणि इथं ते नखाएवढ्या काचेवर रंगून पडलं होतं. मी डोक्याचं फडकं कधी काढून हातात घेतलं ते मला आठवत नाही.

"साहेब," मी म्हणालो, "दुसरं कसं दिसतं? माझ्या बायकोचं होतं ते."

ते डॉक्टरबाईंकडं बघू लागले. मग त्यांनी दुसऱ्या पेटीतून एक जुनी काच काढली. "ही शिकवायची काच आहे. कुणाची ते मलाही माहीत नाही."

तिथं रिकामं काही नव्हतं. जांभळे ठिपके दाटले होते, काही मोठे, काही वाकडे, एकही दुसऱ्यासारखा नाही. कड नव्हती. कुंपण मोडून गुरं दुसऱ्याच्या रानात शिरावीत तसे ते चरबीच्या घरांमधून एकामागून एक चालले होते, आणि ती घरं जिवंत होती, त्यांच्या कडेला आपापला ठिपका होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. ते इतकं लहान होतं. माझं घर ज्यानं मोडलं ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होतो, आणि ते गुलाबी-जांभळं, गप्प, आपल्या वाटेनं चाललेलं होतं.

"हाताला हे कळतं का?" मी विचारलं. "चांगला हात असला, आयुष्यभर तेच काम केलेला हात असला, तर दाबून या दोन्हींतला फरक कळतो का?"

"या दोन्हींतला?" त्यांनी आपली रंगलेली बोटं माझ्यासमोर धरली. "यांना कळत नाही. कुणाच्याच हाताला कळत नाही. हातानं गाठ सापडते. ती कसली आहे ते इथं येऊन बघावं लागतं."

आक्कानं माझ्या दंडाला धरलं. तिला कळलं होतं मी कुणाच्या हाताबद्दल विचारत होतो.

निघताना डॉक्टरबाईंनी काही महिन्यांनी पुन्हा दाखवायला बजावलं. आक्का म्हणाली, येईन, पण ते पिळायचं यंत्र बदला.

आम्ही घरी आलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि गाई हंबरत होत्या. दलाल दारात विडी ओढत बसलेला. मी त्याला दुसऱ्या दोन गाई दाखवल्या. तुसडीकडं त्यानं बोट केलं तेव्हा म्हणालो, ती नाही. "लाथाळ आहे म्हणतात," तो म्हणाला. "आहे," मी म्हणालो.

आता जुन्या ओळखीच्या बाया गाईंचं विचारायला येतात तेव्हा आक्का त्यांना दावणीपाशी बसवते आणि गाईचं झालं की विचारते, "आणि तुझं?" कुणी लाजून म्हणाली, दुखत नाही तर कशाला दाखवायचं, की आक्का तिला गुरांच्या डॉक्टरनं सांगितलेलं सांगते, गाईवरून बाईचं ठरवायचं नाही म्हणते, आणि सुनेला तिच्याबरोबर गाडीत बसवून पाठवते. आतापर्यंत बहुतेक जणी हसत परत आल्या आहेत. एक आली नाही हसत, पण ती दाखवायला लवकर गेली होती. तिच्यावर उपचार चालू आहेत.

त्या संध्याकाळचं राहिलं. आक्कानं खुंटीवरचं स्वेटर काढलं, घालायला हात वर केला आणि कळ आली म्हणून थांबली. मग ते माझ्याकडं धरलं.

"तू बस," ती म्हणाली.

मला ते दंडात घट्ट झालं. बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. शिवणीत अजून पेंडीचा वास होता, आणि बायकोचा. मी तुसडीखाली बसलो आणि कपाळ तिच्या कुशीला टेकवलं. तिनं मान वळवली, हुंगलं, बराच वेळ हुंगलं. मागचा पाय उचलला. मी हललो नाही. पाय तिनं परत खाली ठेवला.

मी डोळे मिटले आणि बायको फिरवायची तसा अंगठा कासेवरून फिरवला. ऊब लागली. मऊ लागलं. आतून काहीतरी भरत, खाली उतरत येत होतं. त्याच्या आत काय चाललं होतं ते अंगठ्याला कळलं नाही. मग पोचा पडलेल्या बादलीच्या तळावर पहिली धार वाजली.